पापणी पडलीय, ऑपरेशन सांगितलंय: उपचार कोणता आणि मेडिक्लेमचं काय करायचं

पापणीच्या ऑपरेशनचा क्लेम पास होणार की अडकणार हे बिलं लावताना नाही ठरत, डॉक्टरांकडच्या पहिल्या केसपेपरवर काय लिहिलं जातं तिथेच बऱ्यापैकी ठरतं, आणि नेमकं हेच आधी कोणी सांगत नाही. आईच्या दोन्ही पापण्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) "हे कॉस्मेटिक नाही कशावरून" अशी क्वेरी काढली होती, पण केसपेपरवर मापं लिहिलेली होती, फोटो होते, फील्ड टेस्ट होती, त्यामुळे उत्तर द्यायला शोधाशोध करावी लागली नाही. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले लोक विचारत असतात म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय. पुण्यातल्या लोकांना धरून लिहिलंय, पॉलिसीचे नियम मात्र बाकीच्या गावांनाही तेच.

आधी पापणी का खाली आलीय ते कळायला हवं, कारण उपचारही त्यावर आणि क्लेमही त्यावर. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. पापणी वर उचलणारा एक स्नायू असतो, लिव्हेटर, तो किंवा त्याला पापणीशी जोडणारा पातळ पडदा कमजोर झाला की पापणीची कडच खाली येते, याला टोसिस म्हणतात. वय वाढलं की हा पडदा जुन्या पायजम्याच्या इलास्टिकसारखा सैल पडतो, आणि वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरसुद्धा हे बघायला मिळतं. दुसरा प्रकार म्हणजे स्नायू ठीक आहे पण वरची कातडी सुटून लोंबतेय आणि पापणीच्या केसांवर येऊन टेकतेय, त्याला डर्मॅटोकॅलेसिस म्हणतात. तिसरा म्हणजे भुवईच खाली उतरलीय आणि तिच्या वजनाने पापणी दबलीय. वयस्कर माणसांत बऱ्याचदा तिन्ही थोडं थोडं असतं, त्यामुळे "आमच्या मावशीचं अमुक ऑपरेशन झालं, तेच करा" असं होत नाही, नुसती जास्तीची कातडी काढली आणि खरा प्रॉब्लेम स्नायूचा असला तर पापणी तिथेच राहते.

आता एक गोष्ट जिथे अजिबात वेळ घालवायचा नाही. पापणी एकदम, म्हणजे काही तासांत किंवा एकदोन दिवसांत पडली, त्यासोबत एकाचे दोन दिसायला लागले, जोरात डोकं दुखतंय, किंवा त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसतेय, तर इन्शुरन्स, अपॉइंटमेंट सगळं बाजूला ठेवा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला आणि त्याने तिसरी नस (पापणी आणि डोळा हलवणारी) दाबली की असं होऊ शकतं, त्यात जिवाला धोका असतो. पापणी थोडीशीच खाली आणि बाहुली लहान झालीय, सोबत मान दुखतेय, हे पण त्याच दिवशी दाखवायचं. डायबिटीसवाल्यांमध्ये नस तात्पुरती कमजोर होऊनही पापणी पडते आणि काही महिन्यांत आपोआप सुधारते, पण ते कोणतं हे घरी बसून ठरवायचं नसतं.

आणि सकाळी ठीक, संध्याकाळ होईतो पापणी खाली, कधी हा डोळा कधी तो, कधी गिळायला त्रास, आवाज बदलतो, असं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. मायस्थेनिया ग्रॅव्हिस नावाचा आजार असू शकतो, त्यात आधी पापणीचं ऑपरेशन नाही, औषधं लागतात. डॉक्टर कधी कधी पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून बघतात, पापणी उचलली गेली तर संशय वाढतो, मग रक्ताची अँटीबॉडी टेस्ट वगैरे करतात. कपाळाला बोटॉक्स घेतल्यावर पापणी पडली असेल तर ती सहसा काही आठवडे ते काही महिन्यांत स्वतःहून जागेवर येते, त्यासाठी घाईने कुणाकडून कापून घेऊ नका.

दाखवायचं कुणाला? नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सुरुवात करा, पण ऑपरेशनचा निर्णय ऑक्युलोप्लास्टीवाल्या डॉक्टरांकडेच घ्या, म्हणजे पापण्या, अश्रुमार्ग, डोळ्याची खोबण याचं वेगळं शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ. पुण्यात असे डॉक्टर मोठ्या नेत्र रुग्णालयांत मिळतात, हडपसरच्या पुढे महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, स्टेशनजवळ ससून आहे, शिवाय मोठ्या जनरल हॉस्पिटलमध्ये ठरलेल्या वारी ऑक्युलोप्लास्टीची ओपीडी असू शकते, फोन करून वार विचारून जा म्हणजे हेलपाटा होणार नाही. ब्युटी क्लिनिकमध्ये पापणीचं काम करून घेण्याच्या मी विरोधात आहे, क्लेमचं सोडा, तिथे लिव्हेटरची मापं घेतली जात नाहीत आणि मूळ आजार सुटून जाऊ शकतो.

या पहिल्या भेटीत काय काय व्हायला पाहिजे ते नीट बघा, सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. एक, टॉर्चचा उजेड बुबुळावर पडतो तो ठिपका आणि वरच्या पापणीची कड यातलं अंतर मोजतात, त्याला एमआरडी वन म्हणतात, नॉर्मल ४ ते ५ मिलिमीटर, आणि २ किंवा त्याच्या खाली आलं की नजरेला अडथळा आहे असं सहसा धरतात. दोन, भुवई अंगठ्याने दाबून धरून खाली बघा मग वर बघा सांगतात आणि पापणी किती सरकते ते मोजतात, हे लिव्हेटर फंक्शन, साधारण १५ मिलिमीटर असलं म्हणजे स्नायू चांगला, ४ किंवा कमी म्हणजे फारच कमजोर. तीन, फील्ड टेस्ट, तीच मशीनमध्ये तोंड घालून ठिपके दिसले की बटण दाबायची, काचबिंदूवाल्यांना करतात ती, पण ती दोनदा करायची, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून. दोन्ही रिपोर्टमधला फरक म्हणजे पापणीमुळे वरचं किती दिसत नाही याचा पुरावा. ही टेस्ट दोनदा करायची हे काही ठिकाणी आपण विचारल्याशिवाय होत नाही, तर विचारा. चार, फोटो, समोरून, सरळ बघताना, वर खाली बघताना आणि दोन्ही बाजूंनी, कपाळ सैल सोडून, कारण आपण नकळत भुवया ताणून पापणी उचलत असतो. बाकी डोळे कोरडे पडतात का, पाणी येतं का हेही तपासलं जायला हवं, कारण कोरड्या डोळ्यावर पापणी फार वर उचलली तर नंतर त्रास वाढतो.

डॉक्टरांना त्रास सांगताना मोघम सांगू नका. "जड वाटतं" एवढ्याने केसपेपरवर काही येत नाही. सिग्नल बघायला मान मागे टाकावी लागते, पीएमपी बसची वरची पाटी वाचता येत नाही, पेपर वाचताना बोटाने पापणी उचलून धरावी लागते, जिना उतरताना वरच्या तुळईला डोकं लागलं, संध्याकाळपर्यंत कपाळ दुखतं, गाडी चालवणं सोडलं, जे खरंच होतंय ते तसंच सांगा आणि लिहायची विनंती करा. बऱ्याच बायका तिथे जाऊन "चेहरा म्हातारा दिसतो हो" एवढंच बोलतात, दिसण्याचा त्रास सांगतच नाहीत, आणि मग कागदावर तेवढंच राहतं. पण उलटंही सांगते, नजरेला अडथळा नाहीये आणि फक्त दिसण्यासाठी करायचंय तर ते स्वतःच्या पैशाने करा, त्यात गैर काही नाही, पण खोटा त्रास लिहून घेऊ नका, फोटो आणि फील्ड टेस्टमध्ये ते उघडं पडतं आणि पुढच्या खऱ्या क्लेमलाही संशयाने बघितलं जातं.

उपचारांचं थोडक्यात सांगते. स्नायू बऱ्यापैकी चालत असेल तर लिव्हेटरचा सैल पडदा पुढे ओढून परत टाके घालतात किंवा स्नायूचा तुकडा काढून तो आखूड करतात. मोठ्यांमध्ये हे लोकल भूल देऊन होतं आणि मध्येच डोळे उघडायला लावून, कधी उठवून बसवून दोन्ही बाजू सारख्या आल्या का बघतात, घाबरू नका, ते मुद्दामच असतं. पापणी थोडीच खाली असेल आणि फिनाइलेफ्रिनचा थेंब टाकल्यावर उचलली जात असेल तर पापणीच्या आतून म्युलर स्नायूचं (पापणी उचलायला मदत करणारा दुसरा छोटा स्नायू) छोटं ऑपरेशन होतं, बाहेर व्रण राहत नाही. स्नायू फारच कमजोर असेल तर स्लिंग, म्हणजे सिलिकॉनची बारीक दोरी किंवा मांडीतला पट्टा घेऊन पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात, त्यात झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, रात्री मलम घालावं लागतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. नुसती कातडी जास्त असेल तर ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे जास्तीची कातडी काढणं. ज्यांचं ऑपरेशन करता येत नाही त्यांच्यासाठी चष्म्याच्या फ्रेमला आतून बारीक तार लावून घेतात, ती पापणी धरून ठेवते. ०.१ टक्का ऑक्सिमेटाझोलिनचे डोळ्याचे ड्रॉप अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाले, त्याने पापणी काही तासांपुरती वर राहते, पण आपल्याकडे नाकात घालायचे त्याच नावाचे ड्रॉप मिळतात ते चुकूनही डोळ्यात घालू नका.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन करणार असाल तर डॉक्टरांना विचारा की हा उचलल्यावर दुसरा खाली येईल का. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच जोर जातो, एक पडली की जोर वाढवून मिळतो आणि त्यात दुसरीचं दुखणं लपतं. याचा क्लेमशी पण संबंध आहे, कारण एका डोळ्याची मंजुरी घेतली आणि ऐनवेळी दोन्ही केले तर दुसऱ्याचे पैसे अडकतात.

लहान मुलांचं वेगळं आणि फार महत्त्वाचं. जन्मतः पापणी पडलेली असेल आणि बाहुली झाकली जात असेल तर त्या डोळ्याची नजर तयारच होत नाही, आळशी डोळा होतो, आणि नजर घडायचं वय साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच असतं. बाळ हनुवटी वर करून बघतंय, भुवया ताणतंय हे दिसलं की लगेच दाखवा. बाहुली झाकली जात असेल तर अगदी तान्ह्या वयातही ऑपरेशन करतात, नसेल तर बहुधा ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबतात पण दर काही महिन्यांनी नजर तपासत राहावी लागते. "मोठं झाल्यावर आपोआप सुटेल" म्हणून आजी-आजोबा थांबवतात, कृपया थांबू नका.

आता पॉलिसी. तुमची पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उघडा, एजंटने दिलेलं दोन पानी ब्रोशर नव्हे, आणि त्यात एक्सक्लुजन, म्हणजे वगळलेल्या गोष्टींचा, कोड ०८ शोधा. सगळ्या कंपन्यांत हा जवळपास सारखाच आहे: कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी, दिसण्यात बदल करायची कुठलीही ट्रीटमेंट मिळणार नाही, अपवाद अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती, किंवा आरोग्याला थेट धोका टाळण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर. पापणीचा क्लेम नाकारताना याच कलमावर बोट ठेवलं जातं. मग त्याच पीडीएफमध्ये मागे डे केअर प्रोसिजरची, म्हणजे २४ तास न राहता होणाऱ्या ऑपरेशनची, यादी असते ती बघा. बऱ्याच पॉलिसींच्या यादीत डोळ्यांच्या भागात लिव्हेटर रिसेक्शनने टोसिसची दुरुस्ती आणि फॅशिया लाटा (तोच मांडीतला पट्टा) वापरून टोसिसची दुरुस्ती अशा ओळी चक्क लिहिलेल्या असतात. तुमच्यात असली तर त्या पानाची प्रिंट काढून फाईलला लावा, कंपनीच्याच यादीत असलेल्या ऑपरेशनला कंपनीला सरसकट कॉस्मेटिक म्हणणं अवघड जातं.

नुसत्या कातडीच्या ब्लेफरोप्लास्टीचं मात्र कठीण आहे, खरं तेच सांगते. वरच्या पापणीची कातडी बाहुलीवर येतेय हे फील्ड टेस्टने दाखवता आलं तर लढता येतं, डोळ्याखालच्या पिशव्यांचं तर विसराच. टोसिस आणि कातडी दोन्ही एकत्र करणार असाल तर हॉस्पिटलकडून एस्टिमेट वेगवेगळं मागा, म्हणजे कातडीचे पैसे कापले तरी टोसिसचे मिळतील, एकच रक्कम लिहिली की सगळंच अडकायची भीती. अमेरिकेत असलेली मुलं फोनवर तिकडचे नियम सांगतात, तिथे मेडिकेअर (तिकडची सरकारी विमा योजना) फोटो, मापं मागतं आणि हॉस्पिटलच्या ओपीडीत करायचं तर २०२० पासून आधी मंजुरी लागते, आपल्याकडे असा ठरलेला नमुना नाही पण पुरावा तोच चालतो, तेव्हा ते ऐकून वाया नाही जात.

वेटिंग पिरियड तपासा. पॉलिसी घ्यायच्या आधीपासून पापणी पडलेली होती तर तो आधीचा आजार धरला जाऊ शकतो, एप्रिल २०२४ पासून त्याचा वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिने, आधी ४८ होता. काही पॉलिसीत मोतीबिंदूसारख्या ठराविक आजारांना २४ महिने असतात, त्या यादीत पापणीचं काही आहे का ते वाचा. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण एक्सक्लुजन मात्र तेव्हाही लागू राहतात. तब्येत विचारतात तिथे खरं लिहा, आणि जुने फोटो जपून ठेवा, लग्नाकार्यातले, आधारकार्डवरचे, त्यातून पापणी कधीपासून खाली आली ते दिसतं.

जन्मजात टोसिस असेल तर अडचण वेगळी येते. शरीराच्या दिसणाऱ्या भागातला जन्मजात दोष म्हणजे एक्स्टर्नल कंजेनिटल, आणि तो बऱ्याच वैयक्तिक पॉलिसीत वगळलेला असतो. निदानाचा कोड पण वेगळा पडतो, मोठेपणी आलेल्या टोसिसला एच ०२.४, जन्मजातला क्यू १०.०, आणि हा क्यू दिसला की टीपीए ते कलम काढतं. म्हणून मोठ्या माणसाच्या कागदावर चुकून जन्मजात असं पडलं नाही ना ते बघा. मुलांसाठी आई-बाबांपैकी कुणाची ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर आधी तिथे एचआरला लेखी विचारा, ग्रुप पॉलिसीत हे कव्हर कधी कधी घेतलेलं असतं.

प्रत्यक्ष प्रोसेस अशी करा की ऑपरेशन ठरलं की आठवडाभर आधी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर प्री-ऑथ, म्हणजे आधीच्या मंजुरीचा अर्ज, पाठवायला सांगा, अगदी आदल्या दिवशी नको. त्यासोबत डॉक्टरांचं एक पत्र हवंच, त्यात निदान कोडसकट, दोन्ही डोळ्यांची मापं, फील्ड टेस्टमधला फरक, रोजच्या कामातल्या अडचणी, कोणतं ऑपरेशन, कोणत्या डोळ्याचं, आणि हे दिसण्यासाठी नसून नजरेसाठी गरजेचं आहे हे स्पष्ट वाक्य. डिस्चार्ज समरीतही हेच शब्द यायला हवेत, पत्रात टोसिस आणि समरीत "लिड लिफ्ट" असं झालं की क्वेरी आलीच समजा. ओपीडीच्या मायनर ओटीत करून त्याच बिलावर निपटवू नका, रजिस्टर्ड हॉस्पिटल किंवा डे केअर सेंटरमध्ये ॲडमिशन दाखवलेलं असावं, २४ तास राहायची गरज नसते. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसवर निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची फायनल मंजुरी तीन तासांत द्यायची आहे, डेस्कवाल्यांना हे माहीत असतं, पण आठवण करून द्यायला हरकत नाही.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नसतं, पैसे भरून नंतर रीइम्बर्समेंट लावता येतं. तेही नाकारलं तर फोनवरचं ऐकून घेऊ नका, लेखी पत्र मागा, कोणत्या कलमाखाली नाकारलं ते त्यात लिहिणं कंपनीला बंधनकारक आहे. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला सगळे पुरावे जोडून मेल, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. पुणेकरांना हे सोपं आहे, त्यांचं ऑफिस नारायण पेठेत न. चिं. केळकर रोडवर जीवन दर्शन इमारतीत आहे, ऑनलाइन पण तक्रार देता येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, फक्त कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. आपल्याकडचे लोक दोन मेल करून कंटाळतात आणि सोडून देतात, मला ते फार लागतं, कारण कागद पक्के असतील तर इथे नीट ऐकून घेतलं जातं.

पॉलिसीच नाही त्यांनी पण ऑपरेशन टाळू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पापणीचं पॅकेज त्या हॉस्पिटलला लागू आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार घेऊन विचारा. ससूनमध्ये खर्च मुळातच कमी. शिवाय पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, काउंटरवर विचारू नका.

ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नक्की सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारून. नंतर पहिले दोन दिवस थंड शेक, डोकं उंच ठेवून झोपायचं, टाके बहुतेक आठवड्याभरात निघतात, सूज उतरायला दोनेक आठवडे, आणि पापणी नेमकी कुठे स्थिरावली हे कळायला त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे चौथ्या दिवशी आरशात बघून घाबरू नका. कमीजास्त राहिली तर परत दुरुस्ती लागू शकते हे आधीच विचारून ठेवा. पण ऑपरेशननंतर डोळा एकदम जोरात दुखून फुगला आणि दिसणं कमी झालं तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. तपासण्यांची आधीची बिलं आणि नंतरच्या ड्रॉप, मलमाची, फॉलोअपची बिलं वेगळी लावता येतात, बऱ्याच पॉलिसीत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात, केमिस्टकडून प्रत्येक वेळी पेशंटच्या नावाचं बिल घ्या आणि सोबत त्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन ठेवा.